अमळनेरची सहा वर्षं

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ज्या कंपन्यांची नावं आपण जप केल्यासारखी घेतो, त्यातली विप्रो कुठे सुरू झाली हे कुणाला विचारून बघा. दहापैकी नऊ जण बंगलोर म्हणतील. खरं उत्तर आहे अमळनेर, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं. १९४५ मध्ये तिथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि त्याच नावाचं पुढे आखूड होत होत विप्रो झालं.

पण हा लेख विप्रोबद्दल नाही. त्याच्या वीसेक वर्षं आधी याच गावात एका हायस्कूलच्या होस्टेलवर एक प्रयोग झाला. होस्टेल म्हणजे कोंबलेल्या कॉट, पाणचट डाळ आणि रेक्टरच्या नावाने शिव्या, एवढंच असावं लागत नाही हे त्या प्रयोगात दिसलं. करणाऱ्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने.

साने गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई', आणि 'श्यामची आई' म्हटलं की रडू, इतकं पक्कं समीकरण आपल्याकडे झालंय की त्या माणसाने दुसरंही काही केलं असेल असं आपल्याला वाटतच नाही. माझं तर शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. आमच्याकडे गुरुजी म्हणजे दहा मार्कांचा धडा आणि त्याखालचे प्रश्न. कॉलेजला आल्यावर रूममेटच्या ट्रंकेत 'धडपडणारी मुले' सापडलं आणि मग एकेक करत बरंच वाचलं. माझं मत असं झालंय की गुरुजींचं सगळ्यात मोठं काम पुस्तकात नाही, त्या होस्टेलवर आहे. हे मत कुणाला पटणार नाही, चालेल.

आधी थोडक्यात मागचं. २४ डिसेंबर १८९९ ला कोकणात पालगडला जन्म, दापोलीजवळ. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या काळात सगळं उतरत गेलं आणि मुलाच्या वाट्याला गरिबीच आली. दापोलीच्या मिशनच्या हायस्कूलमध्ये शिकले, मग फी आणि जेवणाची सोय कुठे होईल ते बघत साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गेले. औंधचे राजे स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक होते, गरीब मुलांना तिथे शिकता येई. हाताने भाकऱ्या थापायच्या, कधी उपाशी झोपायचं, असं चाललं होतं तेवढ्यात प्लेग आला आणि औंध सोडावं लागलं. मग पुणं. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा हा मुलगा तिच्याजवळ नव्हता. पुढचं सगळं आयुष्य ही गोष्ट त्यांच्या आत कुठेतरी रुतून राहिली असं त्यांचं लिखाण वाचताना सारखं जाणवतं. १९१८ ला मॅट्रिक, १९२२ ला बीए, आणि मग तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी हे मंदिर १९१६ मध्ये काढलं होतं. म्हणजे गिरणीच्या भोंग्याच्या गावात वेदान्ताची प्रयोगशाळा! तिथे राहून एमए केलं आणि जून १९२४ मध्ये गावातल्या हायस्कूलमध्ये मास्तर म्हणून लागले. हेच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखलं गेलं.

एमए झालेला माणूस त्या काळात काहीही होऊ शकला असता. प्रोफेसर झाला असता, सरकारी अंमलदार झाला असता. हे शाळामास्तर झाले. दिसायला साधे, बोलायला लाजाळू, अंगात लांब कोट, डोक्याला टोपी. मुलांनी सुरुवातीला टवाळी केली म्हणतात, आणि ते पटतंही. आपण सगळ्यांनीच अशा एखाद्या सरांची नक्कल केलेली असते.

थोड्याच दिवसांत शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. छात्रालय म्हणजे होस्टेल. खेड्यापाड्यांतून, खानदेशातल्या लांबलांबच्या गावांतून आलेली पोरं. घराबाहेर पहिल्यांदाच पडलेली, कुणी श्रीमंत घरचं लाडावलेलं, कुणाच्या फीचेच वांधे. खोल्या जशा मुलांच्या खोल्या असतात तशाच असणार, त्यात शंभर वर्षांत काही सुधारणा झाली असेल असं आमची विंग बघून तरी वाटत नाही.

आता साधारण रेक्टर काय करतो? नोटीस लावतो. खोली स्वच्छ न ठेवल्यास दंड. गुरुजींनी नोटीस लावली नाही. मुलं शाळेत किंवा खेळायला गेली की ते खोल्यांतून फिरायचे, केर काढायचे, अंथरुणं नीट घड्या करून ठेवायचे, कंदिलाच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करायचे. मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत घालायचे. मुलं परत येऊन बघतात तर खोली चकचकीत. दोनचार दिवस गंमत वाटली असेल. मग हे कोण करतंय ते कळलं, आणि नंतर लाज वाटायला लागली. त्यानंतर मुलं आपापली खोली झाडायला लागली, कुणी सांगितलं नाही तरी. आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसणं, ज्याची फी थकलीय त्याची आपल्या पगारातून गुपचूप भरणं, हे तर चालूच असायचं. पगार हातात किती उरत असेल देव जाणे.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते आणि ती ऐकून आपण भले माणूस होते असं म्हणून मोकळे होतो. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो याच्या पुढचा भाग, कारण गुरुजी नुसते स्वच्छतेवर थांबले नाहीत. अभ्यासक्रमात जे नव्हतं ते सगळं त्यांनी छात्रालयात आणायचं ठरवलं.

त्यांनी एक दैनिक काढलं. हो, दैनिक! रोजचं. नाव 'छात्रालय'. छापलेलं नाही, हाताने लिहिलेलं. पहाटे मुलं साखरझोपेत असताना हा माणूस दिव्याच्या उजेडात लिहीत बसायचा आणि सकाळी मुलं उठली की ताजा अंक वाचायला तयार. त्यात देशात काय चाललंय, जगात काय चाललंय, थोर माणसांची चरित्रं, कवी, शास्त्रज्ञ, झाडंपाखरं, आणि छात्रालयातल्या आपल्याच बारीकसारीक गोष्टी. आम्ही हे वार्षिक मासिक काढतो तर संपादक मंडळाला लेख गोळा करताना नाकी नऊ येतात (मराठी विभागाला तर जास्तच), वर्षातून एकदाच. इथे एकटा माणूस, दिवसभर शाळेत शिकवून, रोज एक अंक.

रोजच का, हा प्रश्न मला पडला. आठवड्यातून एकदा चाललं नसतं का? मला वाटतं तेच त्या कामाचं इंगित होतं. आमच्या शाळेत हॉबी पिरियड असायचा, शुक्रवारी शेवटचे दोन तास. एका टर्मला क्ले मॉडेलिंग, एका टर्मला ग्रीटिंग कार्ड. पोर्शन राहिला असेल तर तो पिरियड मॅथ्सच्या मिस घेऊन टाकायच्या. कला म्हणजे अभ्यास संपल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, हेच त्यातून आम्ही शिकलो. गुरुजींच्या मुलांना कविता, गोष्ट, गाणं हे चहासारखं रोज सकाळी मिळत होतं. शुक्रवारची वाट बघावी लागत नव्हती.

१९२८ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिक सुरू केलं. आता छात्रालयाच्या भिंतीबाहेरच्या मुलांनाही ते वाचता येणार होतं. त्यात देशप्रेम होतंच, पण त्याबरोबर साहित्य होतं, जगातल्या मोठ्या माणसांची ओळख होती. वर्गातही त्यांचं तसंच. इतिहास शिकवताना सनावळीत ते अडकायचे नाहीत, मुलांना गोष्टीत ओढून न्यायचे.

गोष्ट सांगणं हीच त्यांची खरी कला. गाणं, चित्र यांचं त्यांना प्रेम होतं, पण ते गवई नव्हते की चित्रकार नव्हते. समोर बसलेल्या मुलांच्या डोळ्यांकडे बघत गोष्ट सांगायची, हे त्यांना जमायचं. 'श्यामची आई' ची रचना आठवून बघा. आश्रमात रात्री प्रार्थना झाल्यावर मुलं गोळा होतात आणि श्याम रोज एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. हे पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या ५ दिवसांत लिहिलं. ५ दिवस ऐकून चमत्कार वाटतो, पण मला वाटत नाही. ज्याने वर्षानुवर्षं रोज पहाटे मुलांसाठी लिहिलंय आणि रोज मुलांना गोष्टी सांगितल्यात त्याच्या हाताला ती सवयच झालेली असणार. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड ५ दिवसांत लिहिला, टेस्टिंग मात्र अमळनेरला ६ वर्षं चाललं होतं.

बरोबर ६ वर्षं. एप्रिल १९३० संपता संपता गुरुजींनी शाळा सोडली. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि मुलांना रोज देशासाठी त्याग करा म्हणून सांगणाऱ्या माणसाला स्वतः खुर्चीत बसून राहणं अवघड झालं. त्या मुलांना काय वाटलं असेल हा विचार मनात येतो. इतका जीव लावलेला मास्तर एका दिवशी निघून जातो. देशासाठी जातो हे खरं, पण १३-१४ वर्षांच्या पोराला त्याचं काय. त्यांनी राहायला हवं होतं का? मी यावर मित्रांशी भांडलोय. एक गट म्हणतो की हजार सत्याग्रही मिळाले असते, असा एक रेक्टर मिळाला नसता. दुसरा म्हणतो की न जाता राहिले असते तर त्या रोजच्या दैनिकातल्या शब्दांना काडीची किंमत उरली नसती. मी दुसऱ्या गटात, पण रात्री जागून विचार केला की पहिला गटही अगदीच चूक वाटत नाही.

पकडले गेल्यावर त्यांना आधी धुळ्याच्या आणि मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं. इथे त्यांच्या आयुष्यातली दुसरी मोठी गोष्ट घडली. त्रिचीला तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे राजबंदी एकत्र होते. सगळे एकाच देशासाठी तुरुंगात, पण एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, गाणं कळत नाही, कवींची नावंही माहीत नाहीत. गुरुजींना हे लागलं. ते तमिळ शिकायला बसले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा, साहित्य, गाणी, नाच शिकावेत अशी एक संस्था असावी, हे आंतरभारतीचं स्वप्न तिथे रुजलं. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात विश्वभारती उभी केली होती, तिथे जग एकत्र यावं म्हणून. गुरुजींना वाटलं आधी भारत तरी भारताला भेटू दे. होस्टेलवर कानडी, बिहारी, आंध्रचे मित्र असलेल्या आपल्याला हे लगेच कळायला हवं. आपण चार वर्षं एका मेसमध्ये जेवतो आणि जाताना एकमेकांच्या भाषेतल्या फक्त शिव्या शिकून जातो.

१९३१ मध्ये सुटका आणि १९३२ मध्ये पुन्हा अटक. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत, आणि ते भराभर लिहून घेणारे हात साने गुरुजींचे होते. आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने' त्यामुळे आपल्यापर्यंत पोचली. दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेणं हे काम आपल्याला किरकोळ वाटतं. लेक्चरच्या नोट्स काढून बघा एकदा, झेरॉक्स न मारता.

या काळात त्यांनी लिहिलं तरी किती! टॉल्स्टॉयचं कलेवरचं पुस्तक 'कला म्हणजे काय?' म्हणून मराठीत आणलं. साध्या माणसापर्यंत जी पोचत नाही ती कसली कला, असा त्या पुस्तकाचा रोख, आणि गुरुजींना तो पटण्यासारखाच होता. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' त्यांनी 'दुःखी' नावाने मुलांसाठी सांगितली, जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर' चा 'मनूबाबा' झाला. इंग्रजी न येणाऱ्या खेड्यातल्या मुलाला जगातली चांगली गोष्ट मिळाली पाहिजे, एवढाच हिशोब. मी 'सायलस मार्नर' शाळेत इंग्रजीत ॲब्रिज्ड वाचलं होतं. 'मनूबाबा' वाचल्यावर तो म्हातारा विणकर आपल्या गल्लीतला वाटायला लागला. आणि उलट दिशेनेही त्यांनी काम केलं. बायका जात्यावर दळताना ज्या ओव्या म्हणायच्या त्या त्यांनी गोळा केल्या आणि 'स्त्रीजीवन' हा मोठा संग्रह केला. ज्यांना कुणी कवी म्हणत नव्हतं त्या आयाबायांची कविता कागदावर आली. आता जाती गेली, ओव्या म्हणणाऱ्या आज्याही गेल्या. हा संग्रह नसता तर काय उरलं असतं ते सांगता येत नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो, कारण ती इतिहासाच्या पुस्तकात आहेत. १९३६ ची फैजपूरची काँग्रेस, खेड्यात भरलेली पहिली, तिच्यासाठी गावोगाव फिरणं. शेतकरी, गिरणी कामगार यांच्यासाठी लढणं. १९४२ ला भूमिगत. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाशी मात्र त्यांचं नातं खास. संध्याकाळी मैदानावर जमणारी शाळकरी मुलंमुली, कवायत, खेळ, आणि त्याबरोबर गाणी, पोवाडे, नाटुकली. छात्रालयात जे एका इमारतीत होतं ते आता गावागावांत होऊ लागलं, तेही जात न बघता आणि मुलंमुली एकत्र.

या गाण्यांचा उपयोग काय, असं विचारणारे तेव्हाही असणारच. १९४७ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना बंद होतं. ते उघडावं म्हणून गुरुजींनी आधी कित्येक महिने महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट बरोबर होते, सेवादलाची गाणारी पोरं बरोबर होती. गावात शिरायचं, गाणी म्हणायची, लोक जमले की गुरुजी बोलायचे. कित्येक गावांत या दौऱ्यात विहिरी आणि देवळं खुली झाली. नुसतं भाषण ठेवलं असतं तर किती लोक आले असते? १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहा दिवस चाललं, आणि मंदिर उघडायचं ठरलं. स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक काढलं. त्यात पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं यायची, ती पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून आली. पत्र एका मुलीला, पण वाचायचा सगळा महाराष्ट्र. ढग, फुलं, पुस्तकं, देशातल्या बातम्या, सगळं एकात. मला तर ते अमळनेरचंच दैनिक पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला आणि तिच्यासाठी पैसे गोळा करायला लागले.

ते काम पुरं झालं नाही. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. पन्नाशीत. गांधीजींचा खून झाल्यापासून ते आतून खचत गेले होते, स्वतंत्र देशात जे दिसत होतं ते सहन होत नव्हतं, असं त्यांच्याजवळच्यांनी लिहून ठेवलंय. मी यावर पांडित्य करणार नाही. एवढंच म्हणतो की रात्र रात्र आजारी मुलांच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या उशाशी त्या वेळी कुणीतरी असायला हवं होतं. आपल्या विंगमध्येही एखादा दार लावून बसलेला असतो. त्याचं दार वाजवा.

नंतर काय झालं ते मजेशीर आहे. सेवादलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिलं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही सगळी मंडळी याच कलापथकातून वर आली. ज्यांचे सिनेमे आपण रविवारी कॉमन रूममध्ये आरडाओरडा करत बघतो त्यांचं ट्रेनिंग कुठल्या ॲक्टिंग स्कूलमध्ये झालं नव्हतं, मैदानावरच्या संध्याकाळच्या शाखेत झालं होतं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' ला १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि २०२३ मध्ये त्याच पुस्तकावर पुन्हा एक सिनेमा निघाला, तोही ब्लॅक अँड व्हाइट. 'साधना' पुण्याहून निघत राहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं मराठी साहित्य संमेलन भरलं ते अमळनेरलाच, १९५२ नंतर दुसऱ्यांदा, आणि संमेलनाच्या नगरीला नाव होतं साने गुरुजींचं.

'धडपडणारी मुले' कुणाला वाचायची असेल तर अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं झाली की हक्क संपतात, त्यामुळे २०११ पासून गुरुजींची पुस्तकं कुणालाही छापता येतात आणि स्वस्तात मिळतात. रूममेटची प्रत सध्या माझ्याकडे आहे, पण कव्हर गेलंय आणि पहिली चार पानंही. अमळनेर सुरत-भुसावळ लाइनवर आहे. जळगावहून पॅसेंजरने सकाळी निघालं तर तत्त्वज्ञान मंदिर आणि शाळा बघून संध्याकाळच्या मेसला परत येता येतं.